मदत हवी आहे: किचनची जुनी कपाटं रंगवायचीत, आधीची तयारी किती आणि कशी करावी?

नमस्कार मंडळी,
किचनमधली लाकडी कपाटं बरीच जुनी आहेत पण सांगाडा अजून ठणठणीत आहे, एकही शटर वाकलेलं नाही, त्यामुळे तोडून नवीन करायचं मनात नाही, घरच्या घरीच रंगवणार आहे. शेड, ब्रश, रोलर सगळं ठरलंय. घोडं अडलंय ते आधीच्या तयारीवर, आणि माझ्या मते काम जमतं किंवा बिघडतं ते तिथेच, म्हणून हात घालायच्या आधी विचारतेय.

शेगडीच्या वरची शटरं तेलकट वाफेनं चिकट झालीत. लांबून नुसती पिवळट दिसतात पण नख फिरवलं की नखात मेणासारखा तपकिरी थर येतो. हँडलभोवती जिथे रोज बोटं लागतात तिथे काळपट डाग पडलाय आणि तिथला रंग चक्क मऊ झालाय, दाबला तर नखाचा ठसा राहतो. बाकी शटरांवरचा रंग कडक आणि चकचकीत आहे, कडांचे तेवढे टवके उडालेत. सिंकखालच्या शटरांना मात्र सनमायका आहे आणि एका कोपऱ्यात ती उचकटलीये.

तर प्रश्न असे की चिकटपणा भांड्यांच्या लिक्विडनं जाईल का धुण्याचा सोडा लागेल? जुना रंग पार लाकडापर्यंत काढायचा का वरवर घासून प्राइमर मारला तरी चालेल? सनमायकावर रंग टिकतो का? आणि मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती शिशाची (जुन्या रंगांत असणारा विषारी धातू), रंग खूप जुना आहे, घरात रांगतं बाळ आहे, घासल्यावर जी धूळ उडेल तिचं काय करू?

प्रतिसाद १
ताई, शिशाचं आधी सांगतो. हल्ली बऱ्याच देशांत रंगातल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे पण जुन्या रंगांत ते कितीतरी जास्त असायचं, त्यामुळे शक्य असेल तर रंगाचा टवका लॅबमधून तपासून घ्या, आणि तपासणी होत नसेल तर शिसं आहे असंच धरून चाला. मशीननं घासू नका, कोरडं तर अजिबात नको, हीट गनही (गरम हवेनं रंग सोडवायचं मशीन) नको. वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) घेऊन ओलं करून घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, लगदा ओल्या फडक्यानं टिपून फडक्यासकट टाकून द्यायचा, झाडू मारायचा नाही. चांगला एन-100 किंवा पी-100 मास्क लावा, कपडे वेगळे धुवा, आणि बाळाला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवता आलं तर फारच उत्तम.

आता क्रम. आधी धुणं, मग घासणं, हे उलटं करू नका. तेल असताना पेपर मारला तर तेच तेल ओरखड्यांत घुसतं आणि मग रंगाला बारीक खड्डे पडतात. साध्या शटरांना कोमट पाणी आणि लिक्विड पुरे, शेगडीवरच्यांना सोडा लागेल, हातमोजे घालून. सोडा राहिला तर रंग नीट धरत नाही म्हणून साध्या पाण्यानं दोनतीनदा पुसा, बोटाला बुळबुळीत लागतंय तोवर सोडा आहे असं समजा. पाणी ओतू मात्र नका, कडांतून आत गेलं की प्लाय फुगतो.

कडक बसलेला रंग काढायची गरज नाही, 180 किंवा 220 नंबरच्या पेपरनं चकाकी घालवा, बस. हँडलजवळचा मऊ रंग मात्र खरवडून कडक थर लागेपर्यंत काढायलाच हवा, हाताच्या तेलानं तो आतून सैल झालेला असतो, त्यावर कितीही भारी प्राइमर मारा, खालचा थर सुटला की वरचा त्याच्याबरोबर येणार. मग तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरून सपाट करा. बिजागऱ्या काढताना शटरला नंबर द्या आणि तो बिजागरीच्या खाचेत लिहा, तिथे रंग लागत नाही.

प्रतिसाद २
सनमायकाबद्दल लिहिते. टिकतो, पण साधा वूड प्राइमर नको, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्राइमर घ्या आणि आधी 220 नं घासा. उचकटलेला कोपरा आधी चिकटवून क्लॅम्प लावून ठेवा. खालचा प्लाय फुगला असेल तर ते शटर बदला, तो फुगवटा रंगाखाली लपत नाही. एका शटरच्या आतल्या बाजूला प्राइमर मारून आठवडाभर राहू द्या, मग ब्लेडनं फुलीफुलीच्या रेघा मारून टेप चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपवर प्राइमर आला नाही तरच पुढे जा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार, मऊ रंगाचं कारण आत्ता कळलं. टवका तपासायला देतेय, रिपोर्ट येईपर्यंत फक्त धुणं करते, पेपर हातात घेत नाही. एकच राहिलं: जुना रंग ऑइलचा का पाण्याचा हे घरी कळेल का?

प्रतिसाद १
कळेल. कोपऱ्यातला भाग धुऊन कोरडा करा, कापसाला स्पिरिट (अल्कोहोलवालं, टर्पेंटाइन नव्हे) लावून चोळा. रंग कापसावर उतरला तर पाण्याचा, जराही हलला नाही तर बहुतेक ऑइलचा. शेगडी बंद ठेवा आणि खिडकी उघडी.