मदत हवी आहे: इंग्रजी वाक्यातला सिंपल सब्जेक्ट नेमका कसा ओळखायचा?

पाटीपेन्सिल:
'सिंपल सब्जेक्ट अधोरेखित करा' या प्रकारच्या सरावात अडकायला होतंय. क्रियापदाला 'कोण' किंवा 'काय' विचारायचं हे ठाऊक आहे. पण उत्तरादाखल चार-पाच शब्दांचा गठ्ठा हाती येतो आणि त्यातला एक निवडताना चूक होते. उत्तरसूचीशी न जुळलेली वाक्यं अशी:

१) द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स इज अंडर द बेड. माझं उत्तर लेटर्स, सूचीत बॉक्स.
२) माय सिस्टर्स फ्रेंड प्लेज द व्हायलिन. पहिल्या वाक्यावरून शहाणं होऊन पहिलं नाम धरलं, म्हणजे सिस्टर. सूचीत फ्रेंड!
३) देअर आर थ्री कीज ऑन द टेबल. माझं उत्तर देअर, सूचीत कीज.
४) क्लोज द विंडो. माझं उत्तर विंडो, सूचीत यू. हा 'यू' वाक्यात आहेच कुठे?

पहिलं नाम नाही, शेवटचंही नाही. मग नियम काय?

अर्धविराम:
मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण केलं असेल तर अर्धं काम झालेलं आहे. तिथे उद्देश्य वेगळं लिहितात आणि उद्देश्यविस्तार वेगळा. दोन्ही मिळून कम्प्लीट सब्जेक्ट, आणि विस्तार काढून उरलेलं निव्वळ उद्देश्य म्हणजे सिंपल सब्जेक्ट.

तुमच्या पहिल्या दोन चुकांचं मूळ शब्दक्रमात आहे. मराठीत विस्तार सहसा आधी येतो आणि मुख्य नाम शेवटी: 'जुन्या पत्रांची पेटी'. कान तसाच तयार झालेला असल्यामुळे क्रियापदाला चिकटून असलेलं नाम आपण मुख्य समजतो. इंग्रजीत 'ऑफ' आला की क्रम उलटतो. बॉक्स आधी, पत्रं मागून. मात्र 'सिस्टर्स फ्रेंड'मधला अपॉस्ट्रॉफी-एस म्हणजे आपला 'ची' प्रत्यय, तिथे क्रम मराठीसारखाच राहतो: बहिणीची मैत्रीण. म्हणून जागा बघून निवडू नका, नात्यावरून निवडा.

करायचं असं. आधी क्रियापद शोधा. वाक्याचा काळ बदलून पाहिला की जो शब्द बदलतो ते क्रियापद. 'द बॉय सिटिंग नियर द डोअर रिमेंबर्स द आन्सर' हे भूतकाळात नेलं तर 'रिमेंबर्स'चं 'रिमेंबर्ड' होतं, 'सिटिंग' मात्र जागचं हलत नाही. म्हणजे ते क्रियापद नव्हे, बॉयचा विस्तार. मग ऑफ, इन, ऑन, विथ, फॉर, नियर अशा शब्दांपासून सुरू होणारे तुकडे पेन्सिलीने खोडा. हू, विच, दॅट यांनी सुरू होणारी उपवाक्यंही खोडा: 'द बुक दॅट आय बॉट येस्टरडे इज मिसिंग' यात मधला भाग गेला की बुक उघडं पडतं. आता 'कोण' किंवा 'काय' विचारा. मिळालेल्या उत्तरातून अ, अ‍ॅन, द, विशेषणं, माय-हिज-हर आणि अपॉस्ट्रॉफी-एसवाले शब्द काढले की झालं.

खोडायच्या आधी प्रश्न विचारला की गठ्ठा मिळतो. तुमचं तेच होतंय.

एक खबरदारी: वाक्याचं मराठी भाषांतर करून कर्ता शोधू नका. 'रामाने आंबे खाल्ले' यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, इंग्रजीत ते कर्माच्या मागे कधीच जात नाही. आणि 'करणारा कोण' हाही प्रश्न फसवतो. 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉल' यात फोडणारा चेंडू असला तरी सब्जेक्ट विंडो.

वेलांटी:
३ आणि ४ मी घेते.

'देअर' अशा वाक्यांत नुसतं जागा अडवून बसतं आणि सुरुवातीचं 'हिअर' फक्त ठिकाण दाखवतं, शालेय व्याकरणात त्यांना सब्जेक्ट धरत नाहीत. खरा सब्जेक्ट क्रियापदानंतर असतो. 'आर' हे अनेकवचन कशामुळे आलं? कीजमुळे. एकच किल्ली असती तर 'इज' आलं असतं.

आज्ञार्थी वाक्यात 'यू' अध्याहृत असतो. मराठीतही 'खिडकी लाव' म्हणताना 'तू' उच्चारत नाही, तसंच. नावाने हाक मारली तरी सब्जेक्ट 'यू'च: 'पीटर, क्लोज द विंडो' यातला पीटर हे संबोधन, स्वल्पविरामाने वेगळं पडलेलं.

प्रश्न आला तर आधी साधं विधान करा. 'हॅव द चिल्ड्रन फिनिश्ड?' चं 'द चिल्ड्रन हॅव फिनिश्ड', मग चिल्ड्रन.

पाटीपेन्सिल:
ऑफनंतरचं खोडायचं हे पक्कं झालं. मग 'वन ऑफ द विंडोज इज ब्रोकन' यात वन, म्हणून इज. पण 'सम ऑफ द बुक्स आर टॉर्न' आणि 'सम ऑफ द वॉटर इज डर्टी'? खोडल्यावर दोन्हीकडे 'सम'च उरतं, तरी एकात आर आणि एकात इज!

अर्धविराम:
सिंपल सब्जेक्ट दोन्हीकडे 'सम'च. फक्त वचन ठरवायला खोडलेल्या तुकड्यात डोकवावं लागतं. सम, ऑल, मोस्ट, एनी, नन आणि हाफ यांना स्वतःचं ठरलेलं वचन नाही, ते ऑफनंतरच्या नामाकडून उसनं घेतात. वन, ईच, आयदर, नायदर यांच्याबाबत औपचारिक लेखनात एकवचनच ठेवतात.

'द नंबर ऑफ एरर्स इज स्मॉल' यात नंबर, एकवचन, वाद नाही. 'अ नंबर ऑफ एरर्स आर सीरियस' यात मात्र क्रियापद अनेकवचनी. काही पुस्तकं इथेही नंबर हाच सब्जेक्ट धरतात, काही 'अ नंबर ऑफ'ला 'मेनी'सारखं विशेषण मानून एरर्स धरतात. परीक्षेसाठी तुमच्या पुस्तकाची पद्धत पाळा.

वेलांटी:
यात एक भर. 'अँड'ने जोडलेली दोन नामं असली तर दोन्ही लिहायची, एकच अधोरेखित केलं तर उत्तर अपुरं: 'द कॅप्टन अँड द कोच आर लेट' यात कॅप्टन, कोच. पण 'द कॅप्टन, अलाँग विथ द प्लेअर्स, इज लेट' यात फक्त कॅप्टन. 'अलाँग विथ', 'अ‍ॅज वेल अ‍ॅज', 'टुगेदर विथ' हे 'अँड'चं काम करत नाहीत, ते तुकडे सरळ खोडायचे.

पाटीपेन्सिल:
तीन नवी करून पाहिली. तपासाल का?
अंडर द ओल्ड ब्रिज लिव्ह्ज अ फॅमिली ऑफ बॅट्स: फॅमिली.
द रीझन फॉर द डिलेज वॉज द रेन: रीझन.
टू फिनिश द वर्क ऑन टाइम वॉज डिफिकल्ट: वर्क.

वेलांटी:
पहिली दोन बरोबर. पहिल्यात ब्रिजला फसला नाहीत हे छान, तिथे सब्जेक्ट मुद्दाम क्रियापदामागे टाकलेला असतो.

तिसरं चुकलं. अवघड काय होतं? काम नव्हे, काम पूर्ण करणं. म्हणून 'टू फिनिश'. वर्क हे त्या 'फिनिश'चं कर्म. आयएनजी रूपाचंही असंच: 'रीडिंग ओल्ड मॅप्स टेक्स पेशन्स' यात रीडिंग, मॅप्स नाही. पटत नसेल तर क्रियापद बघा. मॅप्स सब्जेक्ट असता तर 'टेक' आलं असतं, 'टेक्स' नव्हे.