'मात्रा' नेमकी कशाची? चार विषयांत चार अर्थ

शब्दकुतूहल:
वेगवेगळ्या विषयांची एकच परिभाषा-सूची करतोय आणि 'मात्रा' या शब्दापाशी गाडी अडली आहे. लिपीत मात्रा, छंदात मात्रा, तालात मात्रा, औषधाचीही मात्रा. प्रत्येकाची एका ओळीत व्याख्या हवी आहे. मुख्य घोळ असा: 'के' ला एक मात्रा म्हणायची की दोन? आणि 'पाण्याची मात्रा' हे मराठी बरोबर आहे का?

लघुगुरू:
'के' च्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, म्हणून तर घोळ होतो. लिपीत मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ. 'के' वर ती एक, 'कै' वर दोन. 'को' म्हणजे काना आणि एक मात्रा, 'कौ' म्हणजे काना आणि दोन मात्रा. छंदात मात्रा हे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप आहे. ह्रस्व स्वराचं अक्षर लघु, त्याची १ मात्रा. दीर्घ स्वराचं गुरू, त्याच्या २. ए, ऐ, ओ, औ हे चारही दीर्घच. म्हणजे 'के' आणि 'कै' दोन्ही २ मात्रांचे, आणि डोक्यावर काहीच नसलेला 'क' १ मात्रेचा. रेघा मोजून छंद मोजायला गेलात की फसलात.

एक ओळ मोजून बघा: झाडावरती बसला पक्षी.
झा २, डा २, व १, र १, ती २ = ८
ब १, स १, ला २ = ४
प २, क्षी २ = ४
एकूण १६. हे पादाकुलक वृत्त, ८-८ मात्रांचं. लिपीतल्या मात्रा मात्र या ओळीत शून्य!

'पक्षी' तला 'प' ह्रस्व असूनही गुरू का? पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो म्हणून. पण हा नियम डोळे मिटून लावू नका. 'तुझ्या', 'तुम्ही', 'पुन्हा' यांत आघात येत नाही, तिथे पहिलं अक्षर लघुच राहतं. 'तुझ्या घराशी' च्या १+२+१+२+२ = ८ मात्रा; 'तु' गुरू धरलात तर ९ होतील आणि चांगली ओळ चुकीची ठरेल. ओळ मोठ्याने म्हणायची आणि मग मोजायचं. ओवी-अभंगाला हा हिशेब लावूच नका, तिथे अक्षरं मोजतात.

ठेका_धरून:
तालातली मात्रा आणखी वेगळी. ती वेळाचंच एकक आहे, पण तिची लांबी ठरलेली नाही. लय ठरली की मात्रा ठरते. त्रितालाच्या १६ मात्रा विलंबितात (संथ लयीत) आणि द्रुतात (जलद लयीत) १६ च राहतात, फक्त एका मात्रेला लागणारा वेळ बदलतो. अतिविलंबित एकतालात तर एकेका मात्रेचे चार भाग मनात धरतात, म्हणजे १२ मात्रांत ४८ ठोके.

नवशिक्यांची चूक ठरलेली: मात्रांऐवजी बोल (तबल्याची अक्षरं) मोजणं. एकताल बघा:
धिं । धिं । धागे । तिरकिट । तू । ना । क । त्ता । धागे । तिरकिट । धी । ना
'तिरकिट' मध्ये चार बोल आहेत, पण मात्रा एकच. सुटे बोल मोजत बसाल तर १२ चे २० होतील आणि सम (आवर्तनाची, म्हणजे तालाच्या एका फेरीची पहिली मात्रा) हातची जाईल.

वरची पक्ष्याची ओळ त्रितालाच्या एका आवर्तनात सरळ बसते, चार-चारचे गट पडतात: झाडा । वरती । बसला । पक्षी. दादऱ्यात (६ मात्रा) बसवायची तर 'क्षी' दोन मात्रा लांबवून १८ करावी लागते: झाडावर । तीबसला । पक्षीऽऽ. गणित जमलं, पण सम 'ती' वर येते आणि शब्द मधोमध तुटतो. छंदाची मात्रा आणि तालाची मात्रा एकच समजणाऱ्यांच्या चाली इथेच कानाला खटकतात.

खलबत्ता:
औषधाकडची बाजू सांगतो. आयुर्वेदात मात्रा म्हणजे योग्य प्रमाण, आणि ते आहारालाही लागू. चरकसंहिता आणि अष्टांगहृदय दोन्हींत 'मात्राशितीय' नावाचा अध्याय आहे, मापात खाण्याबद्दलचा. पुढे हा शब्द औषधालाच चिकटला: हेमगर्भ मात्रा. ही कांडी सहाणेवर उगाळून वळशांच्या हिशेबाने देतात. त्यात अडचण अशी की, दाब जास्त पडला की तेवढ्याच वळशांत औषध जास्त उतरतं. अशा रसौषधांत पारा असतो, त्यामुळे वैद्याशिवाय हात लावू नये. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' ही बोली या मात्रेतूनच आलेली. काना-मात्रेशी तिचा संबंध नाही.

सूचीत 'डोस' साठी मात्रा ठेवा, 'लसीची दुसरी मात्रा' रुळलेलं आहेच. पण मात्रा आणि प्रमाण यांची अदलाबदल करू नका. ५ मिली ही औषधाची मात्रा. रक्तात ते किती उतरलं ते प्रमाण. 'पाण्याची मात्रा वाढवा' हे हिंदीतून आलंय. मराठीत पाण्याचं प्रमाण वाढवा, किंवा सरळ पाणी वाढवा.

जोडाक्षर:
हिंदीचा विषय निघालाच आहे तर, तिथे सगळ्याच स्वरचिन्हांना मात्रा म्हणतात. त्यामुळे हिंदीवरून उतरवलेल्या मजकुरात 'इ ची मात्रा' दिसते. आपल्याकडे ती वेलांटी. सूचीत हा फरक स्वतंत्र नोंदवा.

आणि टंकताना 'को' साठी काना आणि मात्रा वेगवेगळे दाबू नका. ओ च्या चिन्हाला युनिकोडमध्ये स्वतःचा संकेतांक आहे. दोन तुकडे जोडून केलेला 'को' पडद्यावर बहुतेकदा तसाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं, शोधात सापडत नाहीत. तुमची सूची शोधण्यासाठीच असेल तर हे आधी तपासा.

शब्दकुतूहल:
तपासलं. 'कोन' च्या तीन नोंदी अशाच तुकड्यांच्या निघाल्या. 'मात्रा' ची एक नोंद मोडून आता चार करतोय: लेखनचिन्ह, छंद, ताल, औषध. तन्मात्रा कुठे टाकू?

लघुगुरू:
यांतल्या कुठेच नाही. तो सांख्य तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र शब्द आहे: शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध ही पाच सूक्ष्म तत्त्वं. पाचवी नोंद करा, 'त' खाली.