शेततळ्यावर घरच्यांसोबत मासे पकडणे : इंदूरकरांनो, अनुभव लिहा

सांवेर, देपालपूर, महू, देवास या बाजूला ज्यांची शेती आहे किंवा नात्यात कुणाची आहे, त्यांच्यासाठी हा धागा. यशवंत सागर, बिलावली असे मोठे तलाव इथे नको, तिथले प्रकार वेगळे. समोरच्या काठावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं, एवढ्याच तळ्यांबद्दल लिहा. कोण कोण येतं, गळाला काय लागतं, भांडणं कशावरून होतात, सगळं चालेल.

सुरुवात मी करतो. साडूंचं तळं देवासकडे आहे. 2006 साली तिथले कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपापल्या रानात तळी खोदायला उद्युक्त केलं, 'रेवा सागर' म्हणतात त्यांना, त्याच लाटेतलं हे. तळं खोदलं गव्हा-हरभऱ्यासाठी, मासे मागून आले. एवढं ध्यानात ठेवलं की कधी जायचं ते आपोआप कळतं. पावसाळ्यात तळं भरतं, जुलै-ऑगस्टात बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सुटतं, ऑक्टोबरपासून मोटर लागते आणि पाणी उतरायला लागतं. आम्ही दिवाळीनंतर जातो आणि मग एकदम होळीच्या आगेमागे, तेव्हा पाणी कमी आणि मासा दाटलेला असतो. मधल्या कडाक्याच्या थंडीत रोहू-कतला खाणंच कमी करतात. तेव्हा गेलात तर हरभरा भाजून खा आणि परत या.

साधन म्हणाल तर बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, बारीक काटा, एक शिसं आणि पाण्यावर तरंगणारा फ्लोट म्हणून मोरपिसाच्या देठाचा तुकडा. चारा म्हणजे कणकेत कुस्करलेली शेंगदाण्याची खळी (पेंड). रीलवाल्या महागड्या रॉडची या तळ्यात काही गरज नाही, माझं स्पष्ट मत.

भाचीला एक गोष्ट फार आवडते, ती सांगतो. कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. त्याप्रमाणे ती फ्लोट दोऱ्यावर वर-खाली सरकवत बसते. चारा तळाला टेकवला असेल तर मृगलानं तोंड लावल्यावर फ्लोट बुडतच नाही. उभा असतो तो सावकाश आडवा पडतो. माशानं चाऱ्यासकट शिसं उचललं की फ्लोटवरचा भार जातो, म्हणून. मोठी माणसं बुडायची वाट बघत राहतात आणि ही काठी उचलून मोकळी.

सुदामा नगरातून

आमच्याकडे कुणीच मासे खात नाही, तरी दीर आणि मुलं गळ घेऊन जातात. सासूबाईंचा सवाल सरळ आहे : खायचं नाही तर त्या जिवाला टोचायचं कशाला? याला घरात कुणाकडे उत्तर नाही. तडजोड अशी झाली की काट्याची उलटी नोक पकडीनं दाबून टाकायची, मासा ओल्या हातानंच धरायचा आणि लगेच सोडायचा. कोरड्या हातानं किंवा टॉवेलनं धरलं की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्या जागी बुरशी धरते.

गंमत पुढेच आहे. सासूबाई पलीकडच्या काठावर बसून मुरमुरे टाकतात. मुरमुरे तरंगतात, त्यामुळे तळ्यातले सगळे कतले त्यांच्यासमोर तोंडं वासून. इकडे दिराचा फ्लोट जागचा हलत नाही. "आई मुद्दाम करून राहिली," असं तो दर वेळी म्हणतो. मलाही तसंच वाटतं.

देपालपूर रोड, तळंमालक

पाहुण्यांनी वाचावं म्हणून लिहितो. माझं तळं पन्नीचं, म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरलेलं आहे. मातीच्या तळ्याचा काठ आणि पन्नीचा उतार यात जमीन-अस्मानाचा फरक. पाण्याच्या कडेला पन्नीवर शेवाळ धरतं, पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, धरायला काहीच नसतं. मी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत, ट्यूबही बांधून ठेवल्यात. तरीही लहान पोरांना कुंपणाच्या आत सोडत नाही. रुसायचं तर रुसा. शिवाय काटा पन्नीत अडकला आणि कुणी हिसका दिला, तर भोक पडतं आणि माझं पाणी जातं. गळच टाकायचा असेल तर मातीचं तळं असलेला पाहुणा शोधा. आणि नात्यातले असलात तरी फोन करून या.

रामबागेतून

वर पन्नीबद्दल दादांनी लिहिलंय त्याला शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. ढगाळ, कुंद रात्रीनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. शहरातून आलेल्यांना वाटतं, वा, भूक लागली! ते गुदमरत असतात. पाण्यातली हिरवळ रात्री ऑक्सिजन खाते आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्या दिवशी चारा टाकायचा नाही, काठ्या गुंडाळून ठेवायच्या. आमचे काका मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात सोडतात, उन्हं वर येईपर्यंत.

लोकमान्य नगरातून

मी माहेरची अलिबागची, त्यामुळे गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा वास येतो ही माझी तक्रार लग्नापासूनची. उपाय सापडलाय : तुकड्यांना मीठ-हळद आणि लिंबू चोळून ठेवायचे, धुवायचे, मग आलं-लसूण आणि माहेरून आणलेलं आमसूल. रोहूत बारीक दुपदरी काटे फार, मुलांना शेपटीकडचा तुकडा देऊ नका, पोटाकडचा द्या. मुलांसाठी खरं तर तिलापिया बरा, काटे कमी. मात्र गळावरून काढताना त्याच्या पाठीवरचे काटेरी पर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत आडवे करा, नाहीतर तळहातात घुसतात.

महूहून

तिलापियाचं कौतुक नको, ताई. एकदा शिरला की पिलावळ वाढतच जाते आणि सगळेच खुरटे राहतात. आमच्या तळ्यात आता गळाला दुसरं काही लागतच नाही. आणि कुणी थाई मांगूरचं बीज देऊ केलं तर घेऊ नका, त्याच्यावर 2000 सालापासून बंदी आहे.

धागाकर्ता

दोघांनी बंद ऋतूबद्दल विचारलंय. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. नदी-नाल्याशी संबंध नसलेली छोटी तळी त्यातून सुटतात. पण ज्यांच्या तळ्याला नाला जोडलेला आहे त्यांनी त्या दिवसांत गळ टाकू नये, आणि बाकीच्यांनीही तेव्हा बीज लहान असतं हे बघावं. सुदामा नगरच्या वहिनी, सासूबाईंना आमच्या तळ्यावरही घेऊन या. साडूंना कतले मोजायचेच आहेत.