कर टाळणाऱ्या कंपनीचा माल सोडून नेमकं काय साधतं?

आडवी रेघ

गेलं वर्षभर एक उद्योग केला. ज्या कंपन्या नफा कागदोपत्री भलत्याच देशात नेऊन कर टाळतात आणि वाचलेल्या पैशातून पुढाऱ्यांच्या दारी माणसं पेरतात, त्यांच्याकडून शक्यतो काही घ्यायचं नाही. त्यासाठी वही घातली. पहिल्या पानावर सात नावं. ऑनलाइन बाजाराचं खातं बंद केलं, सर्च इंजिन बदललं, फोन जुनाच दामटला. तिसऱ्या महिन्यात कळलं की ज्या छोट्या विक्रेत्याच्या साइटवरून मी पुस्तकं मागवायला लागलोय, ती साइट पहिल्या नावाच्याच सर्व्हरवर चालते. पुढच्या दाराने तरातरा बाहेर पडलो आणि मागच्या दाराने आत आलो!

तरीही उद्योग फुकट गेला असं मला वाटत नाही. ब्रिटनमधलं २०१२चं स्टारबक्स प्रकरण आठवा. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने छापलं की १४ वर्षांत तिथे ३ अब्ज पौंडांची विक्री झाली आणि कंपनीने कर भरला ८६ लाख पौंड. लोक खवळले, बहिष्काराची भाषा सुरू झाली, आणि डिसेंबरात कंपनीने सांगितलं की पुढच्या दोन वर्षांत मिळून २ कोटी पौंड भरू. ना कायदा बदलला होता, ना कोर्टाने काही म्हटलं होतं. गिऱ्हाईक रुसलं, एवढंच. मग रुसायला काय हरकत आहे?

ताळेबंद

हरकत नाही, पण त्या २ कोटींना कर म्हणू नका. नफा होवो न होवो देऊ, असं कंपनीच म्हणत होती. कायद्याने बसतो तो कर. आपल्या मर्जीने, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून देतात ती दक्षिणा. ती आज देतात, उद्या विसरतात.

हिशेबाच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे, म्हणून यंत्र उघडून दाखवतो. स्टारबक्सच्या ब्रिटिश शाखेतून पैसा तीन वाटांनी बाहेर जात होता. पहिली वाट: नाव आणि पाककृती वापरल्याबद्दल विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी, नेदरलँड्समधल्या बहीण कंपनीला. दुसरी: कॉफीच्या बिया स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या बहिणीकडून घ्यायच्या, तिने खरेदीच्या भावावर २० टक्के चढवलेले. तिसरी: घरच्याच कंपन्यांकडून कर्ज, त्यावर व्याज. हे तिन्ही खर्च वजा झाले की शाखा तोट्यात. आणि तोट्यावर कर नसतो.

आता यात तुमची वही कुठे बसते बघा. तुम्ही विक्री कमी करता. कर विक्रीवर नाही, नफ्यावर लागतो, आणि दाखवलेला नफा आधीच शून्य आहे. म्हणजे तुमच्या रुसण्याने तिजोरीत दमडी वाढत नाही. काउंटरमागच्या पोराचे कामाचे तास तेवढे कमी होतात.

आणि गंमत पुढे आहे. युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, २०१५मध्ये नेदरलँड्सला सांगितलं की स्टारबक्सकडून थकलेला कर वसूल करा, तुम्ही तिला दिलेली करसवलत बेकायदा आहे. २०१९मध्ये युरोपीय कोर्टाने तो आदेश रद्द केला, आयोगाला सवलत सिद्ध करता आली नाही म्हणून. करचुकवेगिरी हा गुन्हा. करटाळणी हे कायद्याचं बारकाईने केलेलं वाचन. ब्रिटिश खासदार मार्गारेट हॉज यांनी संसदीय समितीत कंपन्यांना तोंडावर हेच ऐकवलं होतं: बेकायदा वागलात असा आरोप नाही, अनैतिक वागलात असा आहे. अनैतिकतेची वसुली नोटीस कुठलं खातं काढणार, तेवढं सांगा.

खोडसाळ

नैतिकतेवर बोलायचंच तर, नळ दुरुस्त करून घेताना "बिल नको, रोख घ्या, थोडं कमी करा" असं इथे कोण कोण म्हणालंय, हात वर करा. मी दोन्ही हात वर करतो.

सावकाश

आणखी एक दुखरी जागा. आडवी रेघ, तुमच्या निवृत्तीचा पैसा इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या बड्या कंपन्यांचे शेअर सरसकट घेणाऱ्या फंडात, असेल तर वहीतल्या सातपैकी किती नावं त्या फंडात आहेत, हे बघितलंत का? मी माझं बघितलं. दुकानात शिरत नाही, पण भागधारक आहे. त्यांचा कर वाचला की माझा फंड वर जातो. राग कोणावर काढू?

मृगनक्षत्र

खोडसाळ, हात खाली करा. नळवाल्याचं बिल चुकवणं चूकच, पण तो नळवाला करकायद्याचा मसुदा लिहायला बसत नाही. फरक आकड्याचा नाही, हा आहे.

ताळेबंद यांचं यंत्र बरोबर, पण ते यंत्र बसवू कोणी दिलं? ॲपलचं आयर्लंडचं प्रकरण घ्या. आयोगाने २०१६मध्ये आयर्लंडला सांगितलं, या कंपनीकडून १३ अब्ज युरो वसूल करा. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे, २०१४मध्ये युरोपातल्या नफ्यावर कर पडत होता ०.००५ टक्के. म्हणजे दहा लाख युरो नफ्यामागे पन्नास युरो. यावर आयर्लंड सरकारने काय केलं? अपील! आम्हाला हे पैसे नकोत म्हणून. देणारा देईना आणि घेणारा घेईना. शेवटी सप्टेंबर २०२४मध्ये वरच्या कोर्टाने पैसे घ्यायलाच लावले. ज्या सरकारला आपल्याच नागरिकांच्या तिजोरीत एवढी रक्कम आलेली नको असते, ते कुणाचं ऐकत असतं?

लक्झेंबर्गचंही तसंच. बड्या कंपन्यांशी केलेले गुपचूप करारनामे २०१४मध्ये फुटले. ज्या काळात ते झाले, त्यातला बराचसा काळ जाँ-क्लोद युंकर तिथले पंतप्रधान होते. कागद फुटले तेव्हा ते युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदावर बसून आठवडाही झाला नव्हता. खटला भरला गेला कोणावर, तर कागद बाहेर काढणाऱ्या, करारनामे जमवून देणाऱ्या सल्लागार कंपनीतल्या आंत्वान देल्तूर या कर्मचाऱ्यावर. शिक्षा झाली, पुढे वरच्या कोर्टात टिकली नाही, हे त्याचं नशीब.

आता बहिष्काराबद्दल. १७९१मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव फेटाळला. त्यानंतर घराघरांत, मुख्यतः बायकांनी, गुलामांच्या मळ्यावरची साखर बंद केली. सुमारे ३ लाख माणसं असावीत असा तेव्हाचा अंदाज. मळेवाले बुडाले का? नाही. पण पुढच्याच वर्षी संसदेत पाचशेहून जास्त अर्ज जाऊन पडले. जो रोज साखरेला नाही म्हणतो, त्याला अर्जावर सही करायला कोणी पटवावं लागत नाही. वहीचा उपयोग तिथे आहे.

ताळेबंद

साखरेचा दाखला चांगला आहे, आणि तोच तुमच्याविरुद्ध जातो. एक तर कायदा यायला १८०७ उजाडलं. दुसरं म्हणजे साखर कुठल्या मळ्यातून आली हे विचारता येत होतं, आणि दुसरीकडची घेता येत होती. कर तसा दिसत नाही. हा फोन बनवणाऱ्याने कुठल्या देशात किती नफा दाखवला, हे खोक्यावर छापलेलं असतं का? मला व्यवसाय असून ताळेबंद वाचून सांगता येत नाही, कारण कंपनीसमूहाचा सगळा हिशेब एकत्र कालवलेला असतो. तुमच्या सात नावांबाहेर त्यांच्याहून पोचलेलं आठवं नाव नाही, हे कशावरून?

राजकारणाचं म्हणाल तर, २०२१मध्ये १३०हून जास्त देशांनी मान्य केलं की ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांनी प्रत्येक देशात किमान १५ टक्के कर भरावा. कुठे कमी पडला तर फरक दुसऱ्या देशाने वसूल करावा. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की बोळा बरोबर भोकाला लागला. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी हा करार आम्हाला लागू नाही म्हणून कळवलं. जूनमध्ये जी-७ या बड्या श्रीमंत देशांच्या गटाने अमेरिकी समूहांना त्यातल्या मुख्य तरतुदींतून वगळायला मान्यता दिली. आता सांगा, याच्या निषेधार्थ कुठली वस्तू घ्यायची थांबवू?

मृगनक्षत्र

वस्तू नाही, मत. पण मत देताना हा विषय डोक्यात असायला आधी कुठेतरी बोचायला हवा ना? तुम्हाला वीस वर्षं आत राहून बोचलं. बाकीच्यांना दुकानाच्या दारात बोचतं.

आडवी रेघ

सावकाश, तुमचं वाचून फंड उघडला. सातपैकी पाच. गप्प बसलो.

ताळेबंद, पटलंय ते कबूल करतो: रुसण्याने कर वाढत नाही. पण खोक्यावर छापलेलं नसतं, हे कायमचं नाही. युरोपीय संघाचा २०२१चा नियम आहे: त्याच ७५ कोटी युरोंच्या वरच्या समूहांनी कुठे किती माणसं, किती उलाढाल, किती नफा, किती कर, हे देशवार जाहीर करायचं. २२ जून २०२४ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून. संघाबाहेरच्या बहुतेक देशांचे आकडे एकत्र कालवून द्यायची मुभा ठेवलीय, तिथे कोणाची माणसं पेरलेली होती ते तुम्ही ओळखालच. ऑस्ट्रेलियाने जवळपास असाच नियम केलाय.

खातं बंदच ठेवतोय. वही मात्र नव्याने घालायची म्हणतो, नावांऐवजी रकाने आखून. देश, माणसं, नफा, कर. एखाद्या बेटावर शून्य माणसं आणि ढीगभर नफा दिसला तर मलाही कळेल. पण माणसं आहेत, थोडीच आहेत, आणि नफा बेताचा मोठा आहे, अशा रकान्याचं काय करायचं? तिथे तुम्ही सगळ्यात आधी काय बघाल?