'टेक ऑफ': कर्जाने सुरू झालेली गोष्ट राजदूताने का संपवावी?

बाकावरचा

परवा 'टेक ऑफ' दुसऱ्यांदा पाहिला. मल्याळम, मार्च २०१७ चा. महेश नारायणन मूळचा संकलक, दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिला सिनेमा. पहिल्या वेळी शेवटाला डोळे पुसत उठलो होतो. या वेळी मात्र शेवटाला चिडचिड झाली, म्हणून हा धागा.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. जून २०१४ मध्ये आयसिसने इराकमधलं मोसुल घेतलं आणि पाठोपाठ तिक्रित. तिक्रितच्या रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका अडकल्या. ४५ केरळच्या, एक तमिळनाडूतल्या तूतुकुडीची. ३ जुलैला आयसिसवाल्यांनी त्यांना बसमध्ये घालून मोसुलला नेलं, दुसऱ्या दिवशी सोडलं, आणि ५ जुलैला एअर इंडियाचं विमान उत्तर इराकमधल्या एर्बिलहून मुंबईमार्गे कोचीला पोचलं. सिनेमातली समीरा (पार्वती) ही या मुलींवरून बेतलेली. घटस्फोट झालेला, पदरी एक मुलगा, डोक्यावर कर्ज, आणि सोबत काम करणाऱ्या शहीदशी (कुंचाको बोबन) केलेलं दुसरं लग्न.

पहिला तासभर अव्वल आहे. बंदूक नाही, स्फोट नाही. एक बाई हिशोब करतेय, एवढंच. पगार इतका, हप्ता इतका, मुलाला इतके. इराकला जाणं हे धाडस वगैरे नाही, ती बेरीज-वजाबाकी आहे, आणि हे कोणी तोंडाने न सांगता कळतं. दुसरं लग्न मुलाला सांगायचं कसं, पोट दिसायला लागल्यावर काय करायचं, ही तिची भीती आयसिसच्या भीतीपेक्षा जास्त खरी वाटते.

आणि मग राजदूत येतो. फहाद फासिल. तो कामाला वाघ आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो आल्यापासून गोष्ट त्याची होते. फोन त्याचे, निर्णय त्याचे, घाम त्याचा. तासभर जी बाई स्वतःच्या आयुष्याचे सगळे निर्णय घेत होती, ती आता कोणीतरी सोडवेल म्हणून वाट बघत बसते. सुटका होते आणि सिनेमा संपतो. कर्जाचं काय झालं? विमान कोचीला उतरलं म्हणजे हप्ते माफ झाले का?

कडू कारलं

अजिबात सहमत नाही.

ओलीस धरलेला माणूस वाट बघण्याशिवाय काय करणार, सांगा ना. समीराने गच्चीवरून उडी मारून दोन अतिरेकी लोळवायला हवे होते का? तो सिनेमाही निघालाय, त्याच वर्षी डिसेंबरात. 'टायगर ज़िंदा है'. हीच घटना, फक्त परिचारिकांमध्ये १५ पाकिस्तानी घातल्या आणि सोडवायला सलमान खान गेला, मशिनगन घेऊन. तो बघून या आणि मग फहादच्या टेलिफोनला नावं ठेवा.

'टेक ऑफ'चा मोठेपणाच हा की सुटका कंटाळवाण्या मार्गाने होते. माणसं फोनवर बोलतात, कोणाचं कोणाशी जमतं ते शोधतात, चुकतात, परत फोन लावतात. खरंही साधारण तसंच झालं असणार. नेमकं काय ठरलं, कोणाच्या मध्यस्थीने ठरलं, हे सरकारने कधी उघड सांगितलं नाही. मग दिग्दर्शकाने ती जागा एका दमलेल्या अधिकाऱ्याने भरली तर बिघडलं काय?

आणि कर्जाचं म्हणाल तर सुटकेनंतर बँकेतला प्रसंग दाखवला असता तर तुम्हीच म्हणाला असता, लांबलाय.

मांडवीकाठ

मी हा पणजीला इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पाहिला, नोव्हेंबर २०१७. तेव्हा आपल्याकडे सगळी चर्चा रवी जाधवांचा 'न्यूड' पॅनोरमातून, म्हणजे महोत्सवाच्या भारतीय सिनेमांच्या विभागातून गाळला त्याची. रांगेत उभे असलेले मराठी लोक त्यावरच तावातावाने बोलत होते, त्यामुळे या सिनेमाकडे आमचं तसं लक्षच नव्हतं. मग पार्वतीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्य मयूर मिळाला, सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार, आणि सगळे म्हणायला लागले, हो हो, आम्ही पाहिलाय.

मला आठवतोय तो पार्वतीचा चेहरा. ती रडतच नाही फारशी. चिडते. मदत करायला आलेल्यावरही चिडते. आपल्याकडे संकटातली बाई म्हणजे पदर डोळ्याला, हे इतकं अंगवळणी पडलंय की सुरुवातीला ती मला उर्मट वाटली. अर्ध्या तासाने कळलं की ती उर्मट नाही, थकलेली आहे. बाकावरच्यांचा मुद्दा पटतो, पण दुसऱ्या भागात ती नुसती बसून आहे हे पटत नाही. तिच्या चिडण्यावरच तो भाग उभा आहे.

शंकासुर

दोघंही एका गोष्टीला बगल देताय.

खऱ्या घटनेतल्या मुली परत आल्यावर काय म्हणाल्या ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आहे. आम्हाला त्रास दिला नाही, बहिणी म्हणून वागवलं. स्फोटात काचा फुटून काही जणींना लागलं, पण अंगाला हात कोणी लावला नाही. सिनेमात मात्र प्रत्येक मिनिटाला आता काहीतरी होणार अशी भीती. भीती विकायची तर विका, पण मग 'सत्य घटनेवर आधारित' कशाला?

दुसरं, नायिका मुसलमान का? सिनेमाच्या पहिल्या भागात तिच्या सासरचे लोक तिच्यावर बंधनं घालतात, तिने नोकरी करणं त्यांना खुपतं. मध्यंतरानंतर काळे झेंडे येतात. एकही संवाद न लिहिता एक रेघ ओढली जाते की हे आणि ते एकाच दोरीचे दोन पदर. दिग्दर्शकाला तसं म्हणायचं नसेलही. दिसतं मात्र तसंच.

कडू कारलं

@शंकासुर, पहिला मुद्दा घ्या. बंदूकवाल्याने 'बहीण' म्हटलं म्हणून भीती गेली? बस कुठे चाललीय हे माहीत नसताना, बाहेर गोळीबार चालू असताना, त्या ४६ जणींना आतून काय वाटत असेल? शेवट गोड झाला हे आपल्याला माहीत आहे, त्यांना बसमध्ये नव्हतं. सिनेमा त्या बसमधला आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर तर तुम्ही उलटं वाचताय. शहीद कोण आहे? तोही मुसलमानच. बायकोच्या आधीच्या लग्नाच्या मुलाला सांभाळून घेणारा, आवाज न चढवणारा नवरा. सबंध सिनेमात इतका सभ्य पुरुष दुसरा नाही. नायिका ख्रिस्ती ठेवली असती तर हा सरळ 'ते विरुद्ध आपण' असा सिनेमा झाला असता. मुसलमान ठेवल्यामुळे झेंड्याखालचा माणूस आणि घरातला माणूस वेगळे दिसतात. माझ्या मते लेखकांनी विचार करून घेतलेला निर्णय आहे.

शंकासुर

शहीदचा मुद्दा मान्य. तो माझ्याकडून सुटला होता. सासरच्या प्रसंगांबद्दल अजूनही अडखळतोच.

पण मग मला आणखी एक सांगा. त्याच महिन्यात, त्याच मोसुलमध्ये बांधकामावरचे भारतीय मजूर आयसिसने पळवले. त्यातले ३९ परत आलेच नाहीत. बहुतेक पंजाबचे, काही बिहार, हिमाचल आणि बंगालचे. घरचे जवळजवळ चार वर्षं 'जिवंत आहेत' या आशेवर होते. २० मार्च २०१८ ला सुषमा स्वराजांनी संसदेत सांगितलं, ते मारले गेले. बदूशजवळ सामूहिक कबरीत मृतदेह सापडले, डीएनए जुळवून ओळख पटली. 'टेक ऑफ' आला तेव्हा ते लोक अजून 'बेपत्ता' होते. सुटलेल्यांचा सिनेमा निघतो. न सुटलेल्यांचा कोण काढणार?

बाकावरचा

@शंकासुर, हे ३९ माझ्याही डोक्यात होते, धाग्यात लिहायला कचरलो. धन्यवाद.

आणि @कडू कारलं, सलमानशी तुलना करून कुठलाही सिनेमा बरा ठरतो हो. मी तुलना करतोय ती याच सिनेमाच्या पहिल्या तासाशी. मूळ घटनेत एक गोष्ट होती जी मला फार महत्त्वाची वाटते. लढाई दारात आलेली असताना यातल्या काही मुली परत यायला तयार नव्हत्या. पगार थकले होते, घरच्यांनी कर्ज काढून एजंटला पैसे भरले होते. रिकाम्या हाताने घरी जायचं की गोळीबारात थांबायचं, तर थांबू, असा हिशोब. दहशतवादात सापडलेली साधी माणसं म्हणतो आपण, ती अशी सापडतात. बाँब पडण्याच्या कितीतरी आधी. सिनेमाने ही नस पकडली होती. पकडून सोडली, एवढीच माझी तक्रार.

मिरजेची सिस्टर

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी स्टाफ नर्स. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मिरजेला केला, नोकरी मुंबईत एका खाजगी रुग्णालयात. नाव लिहीत नाही. रुजू होताना ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घेतला आणि माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतली. दहावीपासूनची सगळी. सातवा मजला, एचआरच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, करड्या रंगाचं. बाँड मोडून जायचं तर पैसे भरा, मग कपाट उघडेल. महिनाअखेरीला पगाराच्या सहीला जायचे तेव्हा त्या कपाटाकडे लक्ष जायचंच. माझी दहावीची गुणपत्रिका त्यात आहे, आणि मी बाहेर.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सहा जणी, त्यातल्या चार केरळच्या. वयाने मोठी म्हणून मला चेची, म्हणजे ताई म्हणायच्या. रात्रपाळी संपवून आलो की झोपायच्या आधी एकच विषय, कोणाचा अरबी देशांचा व्हिसा कुठवर आला. २०११ मध्ये मुंबईत एका मल्याळी मुलीने आत्महत्या केली, असंच सर्टिफिकेटांचं प्रकरण, तेव्हा आमच्या खोलीत त्या रात्री कोणी जेवलं नाही. त्यानंतर नर्सेसचे संप झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. केरळने खाजगी रुग्णालयांत किमान २०,००० मूळ पगार लावला तो २०१८ मध्ये. म्हणजे हा सिनेमा येऊन गेल्यावर.

पहिला भाग मी थांबवत थांबवत पाहिला. दुसरा भाग सलग बघितला, तो सिनेमासारखा वाटला.

कडू कारलं यांना एवढंच सांगायचंय की बँकेतला प्रसंग लांबला नसता.

कडू कारलं

सिस्टर, तुमच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नाही. ती शेवटची ओळ मागे घेतो. फहादच्या बाबतीत मात्र ठाम आहे. :)

मांडवीकाठ

मग तुम्ही गेलात का बाहेर? रागावू नका, सहज विचारतेय.

मिरजेची सिस्टर

रागवायचं काय त्यात. गेले. बाँड संपल्यावर सौदीला, जेद्दाहला. ५ जुलै २०१४ ला मी तिथेच होते, रमजान चालू होता. सकाळची ड्यूटी. स्टाफरूममध्ये टीव्ही होता, मल्याळम चॅनल लावलेलं, कोचीचा विमानतळ दिसत होता. दाराबाहेर येणारी एकेक मुलगी आमच्यातली एक जण मोठ्याने मोजत होती. सत्तावीस की अठ्ठावीसपर्यंत मोजलं, मग बेल वाजली आणि ती बेड बघायला गेली.

सुटका कशी झाली, कोणी केली, हे आमच्यात कोणी विचारलं नाही. कोट्टायमची एक होती, जेमतेम वर्ष झालं होतं तिला येऊन. तिने टीव्हीकडे बघत एवढंच विचारलं, "चेची, एजंट यांचे पैसे परत देईल का हो?"