तेलगळती: जहाजमालकाच्या दायित्वाला मर्यादा हवीच कशाला?

तेरेखोलकाठ
परवा सकाळी ओहोटीला केरीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो. वाळूत काळ्या गोळ्यांची रांगच लागलेली, काही बोराएवढे, काही लिंबाएवढे. घरी येऊन तळव्यांना खोबरेल चोळलं, खरवडलं, तरी टाचेच्या भेगेतलं काळं निघेना. चपला तर घरात घ्यायचीही सोय राहिली नाही. मे सरत आला की दरवर्षी हेच. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेने या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवून पाहिली आहे. कुठे टँकरच्या टाक्या धुतल्याचं तेल निघतं, कुठे मुंबई हायकडचं.

गोळे किरकोळ म्हणून सोडून देऊ. उद्या खरंच टँकर फुटला तर? १९९२ चा आंतरराष्ट्रीय करार आपल्यालाही लागू आहे. तो मालकाला सांगतो, चूक तुझी असो वा नसो, भरपाई दे, पण ठरलेल्या आकड्यापर्यंतच. टँकर कितीही मोठा असला तरी ८९.७७ दशलक्ष एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी चलनात. त्यावर तेल आयात करणाऱ्यांच्या वर्गणीतला निधी धरून एकूण २०३ दशलक्ष. २००२ मध्ये स्पेनजवळ 'प्रेस्टीज' फुटला, तेव्हा दावे उपलब्ध रकमेच्या कितीतरी पट झाले. वरचं ज्याचं त्याने सोसायचं.

माझ्या दुकानातला गॅस फुटून शेजाऱ्याचं घर जळलं, तर मला कोणी मर्यादा देईल का? मर्यादा काढून टाका, एवढंच माझं म्हणणं.

इंजिनरूम
बोटीवर आयुष्य गेलं माझं, म्हणून कंपन्यांची बाजू घेतोय असं वाटेल. वाटू दे.

मर्यादा फुकट दिलेली नाही. १९६७ मध्ये 'टोरी कॅन्यन' इंग्लंडच्या टोकाशी फुटलं, तेव्हा मालक म्हणजे कागदावरची कंपनी आणि तिच्या हाती फुटलेलं जहाज. इंग्रजांनी त्याच मालकीचं दुसरं जहाज सिंगापूरला गाठलं आणि नोटीस डोलकाठीला चिकटवली, तेव्हा कुठे दावा उभा राहिला. त्यानंतर करार आले. मालकाची चूक सिद्ध करत बसायला नको, २,००० टनांवर तेल नेणाऱ्याला विमा सक्तीचा, आणि दावा थेट विमेकऱ्यावर करता येतो. बदल्यात त्याला आकडा ठरवून हवा होता. अमर्याद जोखमीला विमा कोण देईल? मर्यादा काढलीत तर दाव्याचा कागद तेवढा हातात राहील, वसूल कोणाकडून करणार?

तेरेखोलकाठ
काका, अमेरिका त्या १९९२ च्या करारात नाहीच. तिने १९९० साली स्वतःचा कायदा केला. तिथेही मर्यादा आहे, पण घोर निष्काळजीपणा झाला किंवा सुरक्षेचा नियम मोडला की ती गळून पडते. आपल्याकडे मर्यादा मोडायची तर मालकाने मुद्दाम केलं, किंवा नुकसान होणार हे ठाऊक असून बेफिकीरीने केलं, हे दाखवावं लागतं. तेही जहाज चालवणाऱ्याने नाही, खुद्द मालकाने. टँकर अजून अमेरिकेला जातातच की! २०१० च्या मेक्सिको आखातातल्या गळतीनंतर बीपी या तेल कंपनीला सरकारी दाव्यांपोटी २०.८ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली.

इंजिनरूम
बीपीकडे पैसा होता. आणि 'एक्सॉन व्हाल्डेझ' विसरलास? १९८९ ची अलास्कातली टँकरगळती. १९९४ मध्ये ज्युरीने ५ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला, २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ५० कोटींच्या आसपास आणून ठेवला. कोळी एकोणीस वर्षं थांबले. मर्यादा नसली की निकालाची वाट पाहायची.

काळा कोट
दोघेही टँकरवर भांडताय. गोव्याचा हिशेब वेगळा आहे.

ऑक्टोबर २०१९ आठवतो? 'नू शी नलिनी', खलाशी नसलेलं जहाज, पोटात नाफ्था, वादळात सुटून दोनापावलच्या खडकावर येऊन बसलं. नाफ्था उडून जाणारं तेल, म्हणून तुमच्या त्या करारात बसतच नाही. गळती झाली नाही हे नशीब. त्याआधी २००६ मध्ये कारवारजवळ 'ओशन सेराया' फुटलं, काळं तेल काणकोणकडे आलं. ते मालवाहू जहाज, टँकर नव्हे, म्हणजे तेही या कराराबाहेर. अशा वेळी जहाजाच्या टनेजवर ठरणारी सर्वसाधारण मर्यादा, आणि ती टँकरच्या मानाने फारच तोकडी. ८९.७७ चा आकडा आपल्या नशिबी येईल तेव्हा येईल.

केरळने बरं केलं. मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनर जहाज बुडालं, सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज विळिंजम बंदरात उच्च न्यायालयाकडून अडकवून घेतलं. न्यायालयाने सुमारे १,२२७ कोटींची हमी मागितली. २०१७ च्या सागरी दावे कायद्याने हे आपल्यालाही करता येतं. पण 'रिव्हर प्रिन्सेस' कांदोळीला २००० साली रुतलं ते २०१२ पर्यंत तिथेच होतं. कायदा असून जहाज हलायला बारा वर्षं!

शिनाणेवाला
ताई, मध्ये बोलतो. त्या वर्गणीतल्या निधीकडे दावा करायचा तर उत्पन्नाचा पुरावा लागतो असं वाचलं. माझी आई खडकावरचे शिनाणे, म्हणजे शिंपले, काढून विकते, पाट्याचे (टोपलीचे) पैसे रोख. पावती कोण देणार? किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांचंही तेच. मर्यादा २०३ असो नाहीतर २,०३०, आमचा वाटा शून्यच.

काळा कोट
म्हणूनच मी मर्यादेच्या वादात पडत नाही. नुकसान झाल्यापासून ३ वर्षांत दावा गेला पाहिजे. शिवाय समुद्राचं नुकसान इतकं झालं असं अंदाजाने सांगून पैसे मिळत नाहीत. किनारा पूर्ववत करायला खरोखर केलेल्या किंवा करायच्या, वाजवी खर्चाचेच मिळतात. शिनाणे गळतीपूर्वी किती होते हे कोणी मोजलंच नसेल, तर कमी झाले हे दाखवणार कसं?

तेरेखोलकाठ
हे मान्य. पण मोजमाप नाही म्हणून मर्यादा ठेवायची, हे पटत नाही. अलास्कात त्या गळतीनंतर हेरिंग माशांचं प्रमाण १९९३ ला कोसळलं ते सावरलंच नाही.

इंजिनरूम
त्यात तेलाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. तिथल्या किनाऱ्यावर खडीखालचं तेल मात्र मागे राहिलं, ते खरं.

शिनाणेवाला
ताई, आई भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजचे पाटे लिहिते. चालेल का?

काळा कोट
चालेल म्हणून हमी देत नाही. पण हिशेबाची वही नसली तर इतर पुरावा बघतात. कॅलेंडर टाकू नका, जुनी असतील तर तीही.

शिनाणेवाला
गेल्या वर्षीचं आईने पापडांखाली घातलं होतं. शोधतो.