दाढीचा साबण ‘सुटतो’, ‘निघतो’ की ‘धुतला जातो’?

गेला आठवडाभर एका शब्दापाशी अडलोय, म्हणून धागा काढतो.

माझी मावसबहीण जुळे सोलापुरात घरीच दाढीचा साबण करते. एका घाण्याला वीसेक वड्या, त्याही महिनाभर सुकवून मगच देते. वेष्टनावर तिला मराठीत एक ओळ हवी आहे. साबणाचा जो गुण तिला सांगायचाय तो साधा आहे: दाढी झाल्यावर तोंडावर पाणी मारलं की साबण जावा, मागे काही राहू नये. छापखान्यातून तिला मजकूर आला, ‘अवशेषविरहित स्वच्छता’. तिने मला वाचून दाखवला आणि विचारलं, दादा, हे कुणाला कळेल का?

मला तरी कळत नाही. ‘अवशेष’ म्हटलं की भुईकोट किल्ल्याचे बुरूज डोळ्यांसमोर येतात. गालावर राहिलेल्या साबणासाठी तो शब्द फार मोठा होतो. पण मग कोणता घ्यायचा, हे ठरवताना लक्षात आलं की मागे नक्की काय राहतं हेच मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

म्हणून पाहिलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं. बोअरच्या पाण्याने दाढी केली, दोनदा तोंड धुतलं, आणि जबड्यावरून बोट फिरवलं. बोट सरकेना. कातडी ओढली जात होती, जणू पातळ गोंद वाळलाय. बेसिनच्या कडेला पाण्याच्या रेषेवर करडं कडं बसलं होतं, नखाने खरवडलं तर मेणासारखं नखात आलं. दुसऱ्या दिवशी तोच साबण, तोच ब्रश, पण पाणी फिल्टरचं. या वेळी बोट अडलं नाही, उलट घसरतच राहिलं. कितीही पाणी मारलं तरी साबण आहेच असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी बाजारातला एक भारीचा साबण वापरला, त्यात लॅनोलिन आहे. त्याने ना ओढलं, ना घसरलं. तासाभराने गालाला हात लावला तर हात लोणी लागल्यासारखा.

तीन दिवस, तीन वेगळ्या गोष्टी. यांना एकच शब्द कसा पुरेल? तुमच्या घरात काय म्हणतात ते सांगा.

—

‘साका’ चालेल का? तळाशी बसतो तो साका.

—

साका नको. साका तळाशी बसतो, खाली जातो. हे तर पृष्ठभागाला धरून बसतं. बेसिनच्या कड्याला मी ‘किटण’ म्हणेन, पण गालाला किटण म्हणवत नाही.

—

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या अनुभवावर जरा सविस्तर लिहिते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत एक सुंदर शब्द आहे, ‘दुष्फेन’ पाणी. ज्यात फेन म्हणजे फेस मुश्किलीने होतो ते दुष्फेन, सहज होतो ते सुफेन. मुलं परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात, घरी येऊन ‘जड पाणी’च म्हणतात. पण दुष्फेन हा शब्द नेमकी खूण सांगतो: पाण्याची परीक्षा साबणाने करा. (जाता जाता, संस्कृतात रिठ्याचं एक नाव ‘फेनिल’ आहे. फेसावरून नाव ठेवण्याची सवय जुनी.)

आपल्या भागातला दगड काळा, बेसाल्टचा. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची, म्हणजे जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा साबणाला जड असू शकतं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल मुद्दाम भरपूर घालतात, कारण त्यानेच फेस दाट होतो आणि चेहऱ्यावर टिकतो. पण या आम्लाचा साबण, म्हणजे स्टिअरेट, कॅल्शियमला भेटलं की न विरघळणारा, मेणासारखा पदार्थ होतो. तुमच्या नखात आला तो हाच. तो साबण उरलेला नाही, साबण मोडून झालेली वेगळीच वस्तू आहे! म्हणून वरून कितीही बोअरचं पाणी ओता, जाणार नाही. उलट प्रत्येक तांब्याबरोबर नवं कॅल्शियम येतं.

याला आमच्या घरात ‘चिकटा’ म्हणतात. साबणाचा चिकटा. मला तो शब्द योग्य वाटतो, कारण त्यात चिकटण्याची क्रिया आहे.

ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत बॅटरीत घालतात ते पाणी. दोन्हींत हरभऱ्याएवढा साबणाचा तुकडा किसून टाका, झाकण लावून दहा-बारा वेळा हलवा आणि ठेवून द्या. बॅटरीच्या पाण्यावर फेस उभा राहील. बोअरच्या बाटलीत फेस बसेल आणि पाणी ताकासारखं गढूळ होऊन वर फुटक्या दुधासारखे कण तरंगतील. साबण निवडायचा असेल तर हीच चाचणी तीन-चार साबणांवर करा, कुणाची जाहिरात वाचण्यापेक्षा भरवशाची.

—

बाई, फुटक्या दुधाची उपमा फार चांगली. आमच्याकडे ‘साबण फाटला’ असंच म्हणतात, दूध फाटतं तसा.

—

सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय. आमचं घर तेलुगू, माग वडिलांपर्यंत होता, आता टॉवेलचं दुकान आहे. तुमच्या तिसऱ्या दिवसाला आमच्याकडे एक शब्द आहे, ‘जिड्डु’. गल्लीतली कानडी माणसंही हाच शब्द वापरतात. तेल-तुपाच्या हाताचा जो राहतो तो जिड्डु. मराठीत बोलतानाही आमची आई म्हणते, भांड्याचा जिड्डु गेला नाही. शुद्ध मराठीत त्याला मला वाटतं ‘ओशट’ म्हणतात.

चिकटा आणि ओशटपणा यांत मोठा फरक आहे आणि टॉवेलवर तो लगेच कळतो. चिकटा बसलेला टॉवेल वाळला की राठ होतो, फळीसारखा, आणि पाणी टिपत नाही. गिऱ्हाईक टॉवेल परत आणतं, म्हणतं माल खराब. माल खराब नसतो, धाग्यांत साबणाचा चिकटा भरलेला असतो. व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात तासभर ठेवला की मोकळा होतो. ओशट झालेला टॉवेल मात्र राठ होत नाही, त्याला वास धरतो. त्याला सोड्याचं गरम पाणी लागतं.

एक जण ‘खळ’ सुचवेल म्हणून आधीच सांगतो, तो शब्द घेऊ नका. खळ आम्ही सुताला मुद्दाम लावतो, सूत मागावर तुटू नये म्हणून. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात. खळ हवी असते, हे नको असतं.

—

लॅनोलिनवरून आठवलं. ते मेंढीच्या लोकरीतलं मेण. आमच्या मंगळवेढ्याकडे मेंढरं कातरणाऱ्यांचे हात दिवसभर ओशट असतात, आणि तळवे मऊ! तेव्हा साबणात घातलेलं लॅनोलिन मागे राहतं तो दोष म्हणू नये. ते राहावं म्हणूनच घातलेलं असतं. कोरड्या कातडीच्या माणसाला हिवाळ्यात बरं वाटतं. एप्रिल-मेमध्ये, सोलापूरच्या उन्हात, तेच नकोसं होतं.

—

मी सलून चालवतो. आम्ही कधी ‘धुतला जातो’ म्हणत नाही. आम्ही म्हणतो साबण ‘सुटतो’ नाहीतर ‘सुटंना’. गिऱ्हाईकाचं तोंड दोनदा पुसूनही कानाच्या पाळीखाली, मिशीच्या कडेला साबण राहिला तर तो ‘सुटंना’.

तुरटीचं कुणी लिहिलं नाही. साबण पुरता सुटायच्या आधी तुरटी फिरवली तर तुरटी अडखळते आणि गालावर पांढरट कण येतात. पोरं नवीन असली की हीच चूक करतात, घाई असते. मी त्यांना सांगतो, आधी पाणी, मग बोट फिरवून बघ, बोट मोकळं चाललं की मग तुरटी. ‘बोट मोकळं चालणं’ हा आमचा शब्द म्हणा हवा तर.

—

तुरटीत ॲल्युमिनियम असतं. तेही कॅल्शियमसारखंच साबणाला धरतं आणि न विरघळणारा साबण करतं. सलूनवाले दादा म्हणतात ते पांढरट कण तेच. त्यांच्या बोटाला रसायन चांगलं कळतं.

—

धागा काढणारा परत. सगळ्यांचे मनापासून आभार. मावसबहिणीला सगळं वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं बसून ठरवलं ते लिहितो.

पहिल्या दिवशीचा तो चिकटा. दोष पाण्याचा आणि साबणाचा मिळून. दुसऱ्या दिवशीची ती बुळबुळ. बाईंना वेगळं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, सुफेन पाण्यात साबण फाटत नाही, साबण म्हणूनच राहतो, म्हणून घसरतो. ते पाण्याने जातंच, फक्त वेळ लागतो, आणि साबण कमी घेतला की तोही लागत नाही. तिसऱ्या दिवशीचा तो ओशटपणा, घातलेल्या मेणाचा किंवा जास्तीच्या तेलाचा.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. ‘साबण चांगला नाही, मागे राहतो’ एवढंच म्हणणारा माणूस चुकीचा साबण बदलून दुसरा चुकीचा साबण घेतो. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं. चिकट्याला कंटाळून जास्त लोण्याचे, शियाचे, कोकमाचे साबण घेत राहिलो आणि चिकट्यावर ओशटपणाची भर पडली. शब्द वेगळे असते तर प्रश्न वेगळा विचारला असता.

चिकटा होत असेल तर वेष्टनावर सोडियम सायट्रेट, सायट्रिक आम्ल किंवा ईडीटीए आहे का पाहावं. ते कॅल्शियमला आधीच धरून ठेवतं. पोटॅशियमचा साबण सोडियमच्या साबणापेक्षा पाण्यात लवकर विरघळतो, म्हणून दाढीच्या चांगल्या साबणात दोन्ही असतात. घटकांत पोटॅशियम आधी आलेलं मला बरं वाटतं. खोबरेल जास्त असलेला साबण जड पाण्यातही फेस देतो, अगदी खाऱ्या पाण्यातही, पण कातडी कोरडी करतो. तो दाढीसाठी मी घेणार नाही. आणि शेवटचं तोंड धुण्यापुरतं तांब्याभर पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ घेतलं तर सगळं नाही पण बरंच काठिण्य पातेल्याच्या बुडाशी राहतं. आमच्या पातेल्याला खार चढतो तो त्याचाच.

राहिली क्रिया. ‘निघतो’ डागाला शोभतं. ‘धुतला जातो’ हे कुणी बोलत नाही. ‘विसळणे’ भांड्याचं, ‘खळबळणे’ कपड्याचं. तोंडावरच्या साबणाला सलूनवाल्या दादांचा ‘सुटतो’ हाच खरा. मावसबहिणीला तो लगेच पटला.

फक्त एक अडचण आली. तिने बाटलीची चाचणी स्वतःच्या साबणावर केली आणि बोअरच्या पाण्यात तो फाटला. ती गप्प बसली थोडा वेळ. मग म्हणाली, मग ‘सुटतो’ एवढंच कसं लिहू? पुढच्या घाण्यात ती सायट्रिक आम्ल घालणार आहे, आणि त्याला जेवढा कॉस्टिक सोडा लागतो तेवढा वाढवून हिशेब मांडून ठेवलाय. तोवर या वड्यांवर ओळ अशी: ‘गोड्या पाण्यात झटकन सुटतो. जड पाणी असेल तर शेवटी उकळून निवळलेलं पाणी घ्या.’

—

‘गोडं पाणी’ वाचून कुणाला पिण्याचं वाटेल का?

—

सोलापुरात नाही वाटणार. इथे गोडं म्हणजे नळाचं, खारं म्हणजे बोअरचं, हे पोरालाही माहीत आहे. पुण्याला पाठवताना बदला.

—

आणि ब्रशच्या केसांच्या मुळाशी जे पांढरं धरतं त्याला काय म्हणायचं? माझा आठ महिन्यांत कडक झालाय.

—

त्याला मात्र किटण. कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर, पाच मिनिटं, मग साध्या पाण्यात झटका आणि केस खाली करून टांगा.